रवंथ

सोमवार, २ सप्टेंबर

एकदाची ब्रॅकनेलला पोचले. रेडिंगहून ट्रेन वीस-पंचवीस मिनिटांचीच, पण दोन बॅगा, कुकर आणि आईने कुरिअर केलेली मेतकुटाची बरणी सांभाळत उतरताना घामाघूम झाले. स्टेशनबाहेर डॉ. अलका स्वतः गाडी घेऊन उभ्या होत्या. पासष्टीच्या असतील. बॉबकट केलेले पांढरे केस, पायात ट्रेनर्स. मी मॅडम म्हटलं तर म्हणाल्या, इथे मॅडम कुणी नसतं, काकू म्हण. त्र्याऐंशी साली दादरहून पीएचडीला आल्या आणि इथल्याच झाल्या. त्यांचं मराठी अजून तेव्हाचंच आहे, मधे मधे कौन्सिल आणि बिन-डे पेरलेलं.

एकेचाळीस अर्ज केले होते. त्यातली ही एकच कंपनी व्हिसा स्पॉन्सर करायला तयार झाली, तीही माझ्या विषयातली, एन्झाइम्सची. माझा आत्ताचा व्हिसा जानेवारीत संपतो. हे झालं नसतं तर सांगलीचं तिकीट काढावं लागलं असतं. जागा मिळेपर्यंत मला त्यांच्याच बंगल्यात खोली दिली आहे. स्टीलचा पलंग, पांढरं प्लास्टिकचं टेबल, खिडकीतून मागची हिरवळ दिसते. त्यांचे मिस्टर, पद्माकरकाका, कौन्सिलमध्ये इंजिनिअर होते, आता आजारी असतात. ते बाहेर आले नाहीत तर वाईट वाटून घेऊ नकोस, असं काकूंनी आधीच सांगून ठेवलं.

आज फार दिवसांनी छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटतंय.

गुरुवार, ५ सप्टेंबर

काम आवडलं. इंडस्ट्रियल इस्टेटमधलं छोटंसं युनिट, बंगल्यापासून चालत दहा मिनिटं. दोन मोठ्या टाक्यांत बुरशी वाढवायची आणि ती जे एन्झाइम सोडते ते गाळून, सुकवून विकायचं. वनस्पतीच्या प्रत्येक पेशीभोवती भिंत असते. लाकूड टणक आणि गाजर कडक असतं ते तिच्यामुळे. आमची एन्झाइम्स ती भिंत उसवतात. ज्यूसवाले घेतात, म्हणजे तेवढ्याच सफरचंदांतून जास्त रस निघतो. जीन्सवालेही घेतात, नवं कापड जुनं दिसावं म्हणून.

काकूंनी मला सफरचंदाच्या फोडींवर चार थेंब टाकून दाखवले. तासाभरात फोडी बसल्या, मग त्यांची लापशी झाली, मग नुसतं पाणी. मी म्हटलं, कुजवण्याचा धंदा आहे तर आपला. त्या हसून म्हणाल्या, "कुजवणं नव्हे गं, सोडवणं. भिंतीच्या आत साखर कोंडलेली असते, आपण तिला मोकळं करतो."

माणसाच्या पोटात हे एन्झाइम नाही, म्हणून गवत खाऊन आपलं भागत नाही. तसं गायीच्या पोटातही नसतं. तिच्या पोटात राहणारे जिवाणू ते बनवतात आणि ती बसून रवंथ करते. हे सगळं मी कॉलेजात शिकले आहे, पण काकू सांगतात तेव्हा गोष्ट ऐकल्यासारखं वाटतं.

घरी लाकडाची एकही वस्तू नाही, हे आज लक्षात आलं. दारं प्लास्टिकची, खुर्च्या स्टीलच्या, पडदे पॉलिएस्टरचे. पुस्तकंही नाहीत. स्वच्छतेची आवड असेल. सकाळी काकू गव्हांकुराचा रस देतात, छोटा स्टीलचा पेला भरून. दाट असतो, पण नंतर जिभेवर छान गोडवा राहतो.

रविवार, १५ सप्टेंबर

आज काका जेवायच्या टेबलाशी आले. दोन आठवड्यांत पहिल्यांदा.

लिहिताना लाज वाटते, पण मला त्यांच्यासमोर घास उतरेना. हातपाय काडीसारखे आणि पोट मात्र नऊ महिन्यांच्या गरोदर बाईसारखं, शर्टाच्या बटणांतून बाहेर येऊ बघणारं. ओठांच्या कडा हिरवट. ताटात काही वाढलेलं नव्हतं, तरी ते सारखे चावत होते. जबडा आडवा फिरत होता, डावीकडून उजवीकडे. मधेच घशात गुडगुड झाली, काहीतरी वर आलं, गाल फुगला, आणि ते पुन्हा चावू लागले. वास आला तो भिजून आंबलेल्या कडब्याचा.

काकूंनी त्यांची हनुवटी पुसली आणि मला विचारलं, आमटी आणखी वाढू का.

रविवार, २२ सप्टेंबर

वेम्बलीला दियाकडे गेले होते. रेडिंगला आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. तिच्याबरोबर ईलिंग रोडवर भाजी घेतली. मेथीच्या चार जुड्या, कोथिंबीर, शेवग्याच्या शेंगा. इथे अशी ताजी भाजी मिळत नाही. आल्यावर सगळं फ्रीजमध्ये ठेवलं आणि अंघोळीला गेले.

बाहेर आले तर काका फ्रीजसमोर फरशीवर बसले होते. मेथी मुळांसकट, मातीसकट तोंडात कोंबत होते. शेवग्याची शेंग तर उसासारखी, पण चोथा थुंकला नाही. सगळा गिळला. मग खाकी कागदी पिशवीही फाडून खाल्ली. मांडीवर हिरवी लाळ सांडली होती आणि फरशीवर जुड्यांचे रबरबँड तेवढे नीट बाजूला काढून ठेवले होते.

मला पाहून त्यांनी मान खाली घातली. मी खोलीत येऊन ओकले.

काकू म्हणाल्या, त्यांचं आतडं काढलंय, त्यानंतर असं होतं. भाजी यापुढे घरात आणत जाऊ नकोस.

शनिवार, २८ सप्टेंबर

हिरवळ कापायचं यंत्र या घरात नाही. का नाही ते आज कळलं.

काकू सामान आणायला टेस्कोला गेल्या होत्या. खिडकीतून दिसलं, काका गुडघ्यांवर आणि हातांवर टेकून गवत खात होते. मधे थांबत होते, आभाळाकडे तोंड करून चावत होते. पावसाची भुरभुर चालू होती आणि त्यांच्या डोळ्यांत — काय म्हणू — समाधान होतं.

मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले तर ते मागच्या दाराने आत आले. माझं मनगट धरलं. काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होते, पण जीभ सुजलेली, तोंड भरलेलं. "पि... पिऊ..." एवढंच कळलं. पाणी हवं असेल म्हणून मी ग्लास पुढे केला. त्यांनी मान हलवली. पुन्हा तोंड उघडलं आणि त्यातला कोमट लगदा माझ्या हातावर पडला.

मी हात झटकला, त्यांना ढकललंही. सिंकमध्ये साबणाने तीनदा हात धुतला. ते तिथेच उभे होते. मग गेले.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

पोट बिघडलंय. चार दिवस फुगलेलं आहे, सतत गुडगुडतं. ढेकर येतात, आणि ढेकरांना वास येतो. कसला ते लिहीत नाही. भूकही विचित्र झालीय. भात खाल्ला की दगड गिळल्यासारखं होतं.

काकूंनी फार आपुलकीने चौकशी केली. कधीपासून, किती वेळा, रंग कसा. सगळं फोनमध्ये टिपून घेतलं. गव्हांकुर बंद करू नकोस, पचनाला चांगला असतो, असं म्हणाल्या.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

आज लंचला मेयोनीज सँडविच अर्धं टाकून दिलं आणि बाजूच्या गाडीवरून आइस लॉली घेतली. लॉली संपली तरी काडी तोंडातच होती. काम करता करता चावत होते. तिची चव बदलली. आधी लाकडाची, मग पिठासारखी, मग गोड. दुधाच्या पेढ्यासारखी गोड. काडी मऊ पडली, तिचे धागे झाले, आणि मी ते गिळले.

मग बिनमधल्या बाकीच्यांच्या काड्या काढून चावल्या. दुसऱ्यांच्या तोंडातल्या. सहा.

हे मी लिहिलंय आणि वाचलंय. खोटं नाही.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

युनिटमध्ये रोज करायची एक चाचणी आहे. थाळीत लाल रंग दिलेला जेलीसारखा थर असतो, त्यात सेल्युलोज, म्हणजे भिंतीचाच माल. त्यावर एन्झाइमचा थेंब टाकायचा. भिंत उसवली तर तिथला लाल रंग जातो आणि फिकट कडं उमटतं.

सकाळी काकू बँकेत गेल्या तेव्हा मी एका थाळीत थुंकले. दुसरीत आमच्या कंपनीचं सगळ्यात जहाल एन्झाइम घातलं.

दुपारी कंपनीच्या थाळीत रुपयाएवढं कडं होतं. माझ्या थाळीत लाल रंग शिल्लकच नव्हता. थर वितळून पाणी झालं होतं.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

रोज मी पावणेआठला खाली जाते. आज सातला गेले.

स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं. टेबलावर गव्हांकुराचा ट्रे. काका खुर्चीत बसलेले, गळ्याला टॉवेल बांधलेला. काकू त्यांना मूठ मूठ घास भरवत होत्या. ते चावायचे, गिळायचे, थोड्या वेळाने वर आणायचे आणि समोरच्या पातेल्यात सोडायचे. काकू ते नायलॉनच्या गाळणीतून चमच्याने दाबून गाळत होत्या. खाली माझा स्टीलचा पेला होता.

चाळीस दिवस. जास्तच.

मी तिथेच ओकले. जे पडलं ते हिरवं होतं आणि त्यात काड्यांचे धागे होते. काकूंनी फडकं आणलं, मला खुर्चीत बसवलं. त्यांना राग आला नव्हता, त्या घाबरल्याही नव्हत्या. सगळं सांगितलं, मीटिंगमध्ये सांगतात तसं.

आठ वर्षांपूर्वी काकांचं आतडं काढावं लागलं. काही पचेना. अडतीस किलोवर आले. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा काकूंनी एक जिवाणू तयार केला, माणसाच्या पोटात राहून भिंत उसवणारा. काका वाचले. गवतावर, कागदावर, दारांच्या चौकटींवर वाचले. पण तो जिवाणू दुसरं काही पचू देत नाही, आणि आता तो जिभेपर्यंत आलाय. टाकीत तो जगत नाही, फक्त माणसाच्या अंगात जगतो. काकूंनी त्याच्यावर औषध शोधलंय. ते काकांवर आधी वापरायची त्यांची हिंमत होत नाही.

मी विचारलं, "म्हणून मला दिलंत?"

त्या म्हणाल्या, "तू तरुण आहेस, निरोगी आहेस. तुला झेपेल. त्यांना मी एकदा मरताना बघितलंय, पुन्हा नाही बघू शकत."

काका तोंड टॉवेलात खुपसून बसले होते. ते त्या दिवशी पिऊ नको म्हणत होते. मी त्यांना ढकललं होतं.

सोमवार, २१ ऑक्टोबर

शुक्रवारीच बॅग भरून दियाकडे गेले. तिला काही सांगू शकले नाही. काय सांगणार? जीपी डॉक्टरांनी रक्त तपासलं, शुगर वाढलीय म्हणाले, गोड कमी करा. मी जिवाणूचं सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे फार मायेने पाहिलं आणि झोप लागते का, असं विचारलं.

परवा दियाच्या पत्त्यावर आईचं दिवाळीचं पार्सल आलं. चकल्या, शंकरपाळे, बेसनाचे लाडू. मी सगळं टेबलावर ओतलं आणि खोका खाल्ला. कोपरे आधी, ते जाड असतात. दिया कामावरून आली तेव्हा मी चिकटपट्टी चोखत होते. चकलीला हातही लावला नव्हता.

तिचा चेहरा मला माहीत होता. काकांकडे बघताना माझा तसा व्हायचा.

आज परत आले ब्रॅकनेलला. औषध फक्त काकूंकडे आहे.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

काल सकाळपासून औषध सुरू. पांढऱ्या कॅप्सूल, दिवसाला चार. काकू शेजारी बसून गिळायला लावतात आणि लिहून घेतात. व्हिसाची फाइल पाठवलीय, असंही सांगितलं. मला हसू आलं. हसताना लाळ सांडली.

काका दिवसातून दोनदा दारात येऊन उभे राहतात. आत येत नाहीत.

रविवार, २७ ऑक्टोबर

जिभेवरचा हिरवा थर गेला. लॉलीची काडी चावून पाहिली, लाकडासारखी लागली. नुसतं लाकूड. मी रडले. बरी होतेय.

दुपारी वरणभात खाल्ला. चार घास. आईचं मेतकूट घालून.

मंगळवार, २९ ऑक्टोबर

भात जसा गेला तसाच बाहेर आला. शितंसुद्धा मोडलेली नव्हती. वरण, दूध, केळं — सगळं तसंच. पोटात पचवणारं काही उरलेलं नाही. आधी होतं ते त्या जिवाणूने मारलं, आणि आता औषधाने जिवाणूला.

ग्लुकोजचं पाणीही थांबत नाही. उलटी, मग नुसती कोरडी उबळ.

काकूंनी वजन केलं. आठ दिवसांत नऊ किलो कमी.

बुधवार, ३० ऑक्टोबर

आज काकूंनी फोनमधली नोंद बंद केली. म्हणाल्या, औषध बरोबर नाही. त्यांना देता येणार नाही, देव पावला. आधी तुझ्यावर करून पाहिलं ते किती बरं झालं —

तुझ्यावर, म्हणाल्या. माझ्याशीच बोलत होत्या.

मी विचारलं, आता माझं काय. त्यांनी फोन पर्समध्ये टाकला. मग म्हणाल्या, "परत घ्यावं लागेल. ते तुला देतील. पण एकदा परत घेतलंस की मग कायमचं."

नाही म्हटलं. मेले तरी नाही. ते पातेलं डोळ्यांसमोरून जात नाही.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

आईचा व्हिडिओ कॉल. मागे पणत्या. कॅमेरा बंद ठेवला, नेट नाही म्हटलं. ती विचारत होती, फराळ पोचला का, चकली खुसखुशीत राहिली का.

हो म्हटलं.

उभं राहता येत नाही. हातावरची कातडी चिमटीत धरली की तशीच राहते —

शुक्रवार, १ नोव्हेंबर. सकाळ

काकू युनिटमध्ये गेल्या. अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला. जेवण पचत नाही, शुद्ध हरपतेय, एवढंच सांगितलं. फोनवरची बाई चांगली होती. गाडी निघालीय म्हणाली, दार उघडं ठेवता येईल का, जागी राहा. बसत बसत जिना उतरून कडी काढून आले.

जागी राहायला लिहितेय. हॉस्पिटलमध्ये सलाईन लावतील. शिरेतून देतील, पोटाचं काम नाही. जगता येईल तसं. काका वाचले तसं नाही, माणसासारखं.

काका आलेत. आज आत आले. पलंगाशी फरशीवर बसलेत. मूठभर गवत आणलंय, ओलं. चावताहेत.

तशीच पडून लिहितेय.

वास आला. तोंडाला पाणी सुटलं माझ्या. आठवड्याभरात पहिल्यांदा.

काका रडताहेत. मान नाही नाही हलवताहेत आणि चावताहेत. "तू सांग," म्हणाले. स्पष्ट. "तू सांगशील तसं."

गाडी थांबली बाहेर. निळा दिवा छतावर फिरतोय. बेल — कुणीतरी माझं नाव घेतंय, तॅनिशा, तॅनिशा —

हाक मारायला हवी. एक हाक पुरे. दार तर उघडंच

त्यांचा जबडा थांबला. गाल भरलेला. वाकलेत. इतक्या जवळून ओठांच्या भेगा दिसतात, त्यात हिरवं — आणि मला किळस येत नाहीये. आत्ता, या क्षणी, जराही नाही. हे लिहून ठेवलं पाहिजे, कारण नंतर मला